रंगाईच्या बिलात न लिहिलेला खर्च
तिरुपूरच्या नदीपासून कापड व्यापाऱ्याने घ्यायचा धडा

२०१८ सालची गोष्ट. रमजान तोंडावर आला होता आणि ड्रेस मटेरियलचा आमचा मोठा माल परराज्यातील एका प्रोसेस हाउसमध्ये रंगाईला पडला होता. ईदचा धंदा वर्षाची कसर भरून काढतो, हे वाचक व्यापारी बंधूंना सांगायला नको. अशात एके दिवशी फोन आला की, सांडपाण्यावरून प्रदूषण मंडळाने त्या प्रोसेस हाउसची वीज तोडली आहे. माल आत, कुलूप बाहेर. आम्ही धावतपळत तेथे पोहोचलो आणि मॅनेजरवर तोंडसुख घेतले. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सेठ, दर तुम्हीच पाडलेत. या दरात कापड रंगते, पाणी साफ होत नाही."

माल ईदनंतर हाती आला. नुकसान किती झाले ते सांगत नाही. पण मॅनेजरचे ते वाक्य आम्ही विसरू शकलो नाही, कारण ते खरे होते. मीटरमागे सव्वा रुपया वाचतो म्हणून जुना रंगारी सोडून आम्ही त्या दारी गेलो होतो. हा सव्वा रुपया कोठून वाचतो, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

सुताचा भाव, मागावरची मजुरी, रंगाई, ट्रान्सपोर्ट, दलाली, उधारीवर अडकलेली रक्कम, हे सारे आमच्या वहीत पैशापर्यंत लिहिलेले असते. रंगवून सोडून दिलेल्या पाण्याची रक्कम मात्र तीस वर्षांत कधी चढली नाही. वहीत नाही म्हणून ती रक्कम नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात नावे पडते. हवा-पाण्याच्या बिघाडावर आजकाल पुष्कळ भाषणे होतात आणि व्यापाऱ्याला वाटते की, हा विषय सरकारचा आणि कॉलेजवाल्यांचा. म्हणून या लेखात साऱ्या दुनियेची चर्चा न करता, एका नदीचा आणि आपल्याच धंद्याच्या एका शहराचा हिशेब आम्ही मांडणार आहोत.

बनियनचे शहर

तामिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे शहर. तेथे विणाईचा पहिला कारखाना १९२५ च्या सुमारास गुलाम कादर नावाच्या गृहस्थांनी काढला, अशी नोंद सापडते. पुढे बनियनच्या धंद्यावर शहर वाढले आणि १९८० नंतर टी-शर्टची निर्यात वाढताच ते धावू लागले. विणाई एकाकडे, रंगाई दुसऱ्याकडे, छपाई तिसऱ्याकडे, शिलाई चौथ्याकडे, असे जॉबवर्कवर चालणारे हे गाव आहे. आपल्या भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या माणसाला तेथे परके वाटत नाही.

या शहरातून नोय्यल नदी वाहते. कोइमतूरजवळच्या वेल्लिंगिरी डोंगरात ती उगम पावते आणि कोइमतूर, तिरुपूर, इरोड, करूर असा प्रवास करून कावेरीला मिळते. नदी मोठी नाही. पावसात भरावी आणि उन्हाळ्यात आटावी, अशी आपल्याकडच्या नद्यांसारखीच.

आम्ही २००९ साली होजिअरीच्या खरेदीला तिरुपूरला गेलो होतो. पुलावरून जाताना खाली पाहिले, तर पाण्याला रंग होता. दलालाने हसून सांगितले, "या मोसमात परदेशात कोणता रंग चालतो, ते येथे पुलावरून कळते." आम्हीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मिठाचा हिशेब

आता रंगाईत नेमके काय होते ते पाहू. कापड विकणाऱ्या पुष्कळ भावांना हे ठाऊक नसते. आम्हालाही ते उशिराच कळले.

सुती कापडाला आज बहुतेक ठिकाणी रिॲक्टिव्ह जातीचा रंग लावतात. रंग पाण्यात विरघळतो आणि पाण्यातच रमतो, सहजासहजी धाग्याकडे जात नाही. त्याला धाग्याकडे ढकलण्यासाठी पाण्यात मीठ घालतात. कोणी साधे मीठ घेतो, तर कोणी ग्लॉबर सॉल्ट. नंतर सोडा घालून रंग पक्का करतात. हे सारे करूनही सगळा रंग कापडाला लागत नाही. शंभर ग्रॅम रंगापैकी साठ ते ऐंशी ग्रॅम लागतो, बाकीचा धुलाईत वाहून जातो. मीठ मात्र कापडात राहत नाही. घातले तेवढे जवळजवळ सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते.

किती मीठ? गडद शेडला एका लिटरला साठ ग्रॅम धरा. जुन्या पद्धतीच्या विंच मशीनवर एक किलो कापडाला वीस लिटर पाणी लागते असे धरले, तर शंभर किलोच्या लॉटला दोन हजार लिटर पाणी आणि १२० किलो मीठ झाले. म्हणजे कापडापेक्षा मीठ जास्त. दोनशे ग्रॅमच्या टी-शर्टमागे २४० ग्रॅम मीठ गटारात गेले. ब्लीचिंगचे, साबणाचे आणि धुलाईचे पाणी यात धरलेलेच नाही. जिगरवर आकडे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच.

आता सफाईकडे वळू. जुनी रीत अशी की, सांडपाण्यात चुना आणि हिराकस घालायचे. त्याने रंग खाली बसतो आणि वरचे पाणी स्वच्छ दिसते. आमच्यासारखा माणूस ते पाहून म्हणतो, पाणी साफ झाले. पण मीठ चुन्याने बसत नाही. ते डोळ्याला न दिसता पाण्याबरोबर पुढे जाते. रंग गेला म्हणजे पाणी सुधारले असे नव्हे, ही या धड्यातील पहिली गाठ आहे. असे खारे पाणी शेतात गेले की मुळांना ओलावा ओढता येत नाही. जमीन ओली असून पीक तहानेने सुकते. पुढे माती घट्ट बसते आणि पाणी मुरत नाही. विहिरीत उतरलेले मीठ तर वर्षानुवर्षे निघत नाही.

धरण भरले ते कशाने

तिरुपूरच्या खालच्या अंगाला नोय्यलवर ओरत्तुपाळयम येथे १९९२ साली धरण पुरे झाले. इरोड आणि करूर भागातील हजारो एकर जमिनीला पाणी मिळावे, हा त्यामागचा हेतू. नेमक्या त्याच वर्षांत निर्यात जोरात होती आणि रंगाईचे कारखाने शेकड्यांनी वाढत होते. धरण भरले खरे, पण ते रंगाईच्या पाण्याने. ज्या पाण्याची शेतकरी वाट पाहत होते, त्याच पाण्याविरुद्ध त्यांना १९९६ साली कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढे पाणी न साठवता धरणाचे दरवाजे उघडे ठेवण्याची वेळ आली. सरकारी खर्चाने बांधलेले धरण आमच्या धंद्याने निकामी केले.

त्याच १९९६ सालच्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात निकाल दिला. पालार नदीकाठच्या आंबूर, वाणियंबाडी भागातील या धंद्यात आपले पुष्कळ लोक आहेत. ज्याने घाण केली त्याने भरपाई द्यावी आणि बिघडलेले पुन्हा नीट करण्याचा खर्चही सोसावा, हे तत्त्व कोर्टाने देशाच्या कायद्याचा भाग मानले. या निकालानंतर नेमलेल्या प्राधिकरणाने २००४ साली नोय्यलकाठच्या २८ हजारांहून अधिक शेतकऱ्यांना सुमारे २५ कोटी रुपये भरपाई ठरवली. आकडा मोठा दिसतो, पण भागाकार करून पाहा. एका शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी नऊ हजारही येत नाहीत. नासलेल्या विहिरीची आणि सुकलेल्या नारळाची ही किंमत!

कुलूप लागले

शेतकरी हटले नाहीत. २००६ च्या डिसेंबरात मद्रास हायकोर्टाने हुकूम केला की, सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये आणि तोवर सोडलेल्या दर लिटरमागे दंड भरावा. कारखानदार सुप्रीम कोर्टात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथेही तेच ठरले आणि तीन महिन्यांची मुदत मिळाली. मुदत संपली तरी पाणी वाहतच राहिले. शेवटी २८ जानेवारी २०११ रोजी हायकोर्टाने रंगाई आणि ब्लीचिंगचे सर्व कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सातशेच्या वर कारखाने आणि त्यांची सामाईक सांडपाणी केंद्रे एका हुकमाने थांबली, विजा तुटल्या.

नदीला दिलासा मिळाला, पण गावाचे काय झाले? विणलेले कापड रंगवायला परराज्यांत पाठवावे लागले. ऑर्डरी लांबल्या आणि मजुरांची रोजी गेली. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी आपली स्वतःची यंत्रणा उभी केली. दोन मशीनवर जॉबवर्क करणारा छोटा रंगारी मात्र बुडाला. दर पाडणारे व्यापारी दूर शहरांत होते, त्यांना दुसरा कारखाना मिळाला. स्वस्त माल घेणारे परदेशी ग्राहक तर त्याहूनही दूर होते. शिक्षा मिळाली ती साखळीतल्या सर्वांत कमी कमावणाऱ्या माणसाला. आमच्या मते तिरुपूरचा खरा धडा हाच. पाण्याचा खर्च चुकवला तर तो आधी शेतकऱ्यावर पडतो आणि फिरून येतो तेव्हा छोट्या कारागिरावर कोसळतो.

मग धंदा बुडाला का?

नाही. म्हणून तर ही गोष्ट लिहावीशी वाटली. सरकारने सामाईक केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिले आणि टप्प्याटप्प्याने नवी यंत्रणा चालू झाली. तिची रीत अशी. पाण्यातली घाण आधी जिवाणूंकडून खाववतात. मग पाणी गाळून दाबाने बारीक पडद्यातून काढतात. चांगले पाणी पुन्हा रंगाईला घेतात. मागे राहिलेले खारे पाणी आटवून त्यातले मीठ काढतात आणि तेच पुन्हा वापरतात. वापरलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा असा परत कामाला येतो.

यात अडचणी आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. पाणी आटवायला वाफ लागते, वाफेला इंधन लागते आणि इंधनाचा धूर होतो. शेवटी जे मिसळलेले मीठ उरते ते कोणाच्या कामाचे नसते, ते शेडमध्ये साठवावे लागते. रंगाई महाग झाली. पण धंदा उठून गेला नाही. २०११ च्या सुमारास तिरुपूरची निर्यात साडेबारा हजार कोटींच्या आसपास होती. अलीकडच्या वर्षांत ती तीस हजार कोटींच्या पुढे गेली आहे. पाण्याचा खर्च दिला तर बाजार हातचा जाईल, असे आम्ही सारे म्हणत होतो. तसे झाले नाही. तोच खर्च १९९२ साली सर्वांनी मिळून थोडा थोडा उचलला असता, तर एवढे घर उद्ध्वस्त झाले नसते, एवढेच.

आपला हात किती गुंतला आहे

कोणी म्हणेल, तिरुपूर दूर आहे. पण मालेगाव-भिवंडीचे कोरे कापड पाली-बालोतऱ्याला रंगाई-छपाईला जाते, हे सर्वांना माहीत आहे. पालीची बांडी आणि बालोतऱ्याची लूणी या नद्यांची गाऱ्हाणीही याच रंगाची आहेत आणि तेथले शेतकरीही कोर्टात गेले आहेत. माल आपला, नदी त्यांची.

यंत्रमागवाला भाऊ म्हणेल, माझ्या मागाला पाणी लागत नाही, माझा काय संबंध? संबंध आहे. बीमला सायझिंगमध्ये जी खळ लावतात ती प्रोसेस हाउसमध्ये पहिल्याच धुलाईत निघते. खळ म्हणजे स्टार्च. तो पाण्यात कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. मग मासे मरतात आणि पाण्याला दुर्गंधी सुटते. रंगाईच्या आधीच पाणी बिघडवण्याचे मोठे काम खळ करते, ही गोष्ट आमच्या मागवाल्यांच्या ध्यानात येत नाही. सायझिंगच्या बॉयलरला प्लास्टिकचा कचरा आणि चिंध्या जाळणाऱ्यांविषयी तर काय बोलावे! तो धूर आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जातो.

आणि व्यापाऱ्याचा हात सर्वांत लांब आहे. शेड पास करताना आम्ही म्हणतो, "थोडा गडद हवा होता, परत करा." परत रंगवणे म्हणजे तेवढेच पाणी, तेवढेच मीठ आणि तेवढीच वाफ पुन्हा. एका नकारामागे हजारो लिटर पाणी जाते. रंगाऱ्याने पैसे मागितले तर आम्ही वाद घालतो, पाण्याने तर कधी मागितलेच नाहीत.

सुरुवात कशी करावी

आम्ही स्वतः २०१८ नंतर जे बदलले, तेवढेच येथे लिहितो.

१. माल देण्याआधी प्रोसेस हाउसचे प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र पाहावे आणि त्याची मुदतही पाहावी. आपण उधारी देताना पत पाहतोच, तसेच हे. ते सामाईक सांडपाणी केंद्राचे सभासद आहेत का, हे विचारावे. मुदत संपलेल्या कारखान्यात माल ठेवणे म्हणजे कुलपाची वाट पाहणे.

२. किलोमागे किती लिटर पाणी लागते, हे विचारावे. ज्याच्याकडे मीटर आहे तो उत्तर देतो. सॉफ्ट-फ्लो मशीनवर किलोला सहा लिटरपर्यंत काम भागते. वरचाच हिशेब लावा. शंभर किलोला सहाशे लिटर आणि मीठ फक्त ३६ किलो. मीठ लिटरवर पडते, म्हणून पाणी घटले की मीठही घटते आणि वाफही घटते. येथे रंगाऱ्याचा आणि नदीचा फायदा एकच आहे.

३. शेड आधी नमुन्यावर पक्की करावी, कागदावर सही करून. नंतर मन बदलले तर त्याचा खर्च आपण सोसावा. ऑर्डर देताना शेडचे गट करून द्यावेत. फिक्या शेड आधी आणि गडद नंतर घेतल्या तर मध्ये मशीन कमी वेळा धुवावे लागते.

४. मागवाल्याने सायझिंगवाल्याशी बसून खळीचे प्रमाण ठरवावे. सुताला लागते त्याहून जास्त खळ लावून कापड जड करण्याची सवय सोडावी. ते वजन पहिल्या धुण्यात जाते आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही त्याच्याबरोबर जातो.

५. पाणी-सफाईचा दर बिलात वेगळा लिहून मागावा आणि त्यावर घासाघीस करू नये. रंगाईच्या दरावर खुशाल करावी, तो आपला हक्क आहे. पण सफाईचा पैसा कापला तर रंगारी तो पाण्यातूनच वसूल करणार. आमच्या बिलात ही ओळ आली तेव्हा मीटरमागचा फरक सव्वा रुपयाहून कमी निघाला. २०१८ मध्ये ज्या रकमेसाठी आम्ही ईदचा माल अडकवून घेतला, त्याहून ती कमी होती.

६. छोटे रंगारी एकेकटे यंत्रणा उभारू शकत नाहीत. दहा-वीस जणांनी मिळून सामाईक सोय करायची म्हटली, तर त्यांना माल देणाऱ्या व्यापाऱ्यांनी वर्षभराच्या कामाची हमी द्यावी. बँकेसमोर तीच त्यांची पत ठरते. रंगरेज आणि छिपा घराण्यांचा हा पिढीजात हुन्नर आहे. तो टिकवायचा तर त्याला नुसती शाबासकी देऊन भागणार नाही, पुरता दर द्यावा लागेल.

लहानपणी हौदावर वजू करताना लोटा भरून ओतला तर वडीलधारी माणसे हात धरत. पाणी पुष्कळ असले तरी उधळायचे नाही, हे आम्ही तेथे शिकलो आणि पेढीवर बसल्यावर विसरलो. लोटाभर पाण्यासाठी जपणारा माणूस एका शेडसाठी हजारो लिटर पाणी सोडून देतो आणि रात्री स्वस्थ झोपतो, कारण ते त्याच्या वहीत नसते.

तेव्हा पुढच्या वेळी रंगाईचा दर एक रुपयाने कमी मिळाला, तर खूश होण्याआधी व्यापारी बंधूंनी एक प्रश्न जरूर विचारावा: हा रुपया कोणाच्या विहिरीतून आला? उत्तर समाधानकारक मिळाले तर सौदा करावा. नाही मिळाले तर त्या मालात बरकत शोधू नये. आम्ही तशी शोधून पाहिली आहे, ती सापडली नाही.